टेबलापलीकडची नोकरी

सकाळी आठच्या सुमारास शिरूर किंवा दौंड येथील एखाद्या अभ्यासिकेत डोकावून पाहावे. पादत्राणांची रांग दाराबाहेर आलेली असते. आत तीस-चाळीस मुले-मुली माना खाली घालून चालू घडामोडींची पुस्तके, जुन्या प्रश्नपत्रिका आणि स्वतःच्या हस्ताक्षरातील वह्या यांत बुडालेली असतात. दौंड हे रेल्वेचे गाव. शिवाय राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट तेथे आहेत. त्यामुळे तेथील मुलांच्या मनात खाकी गणवेश आणि रेल्वेची नोकरी ही दोन चित्रे लहानपणापासूनच घर करून असतात. शिरूरकरांना रांजणगावची औद्योगिक वसाहत हाकेच्या अंतरावर आहे. परंतु तेथे वर्ष-दीड वर्ष कंत्राटी काम करून परतलेला तरुणही शेवटी सरकारी भरतीच्या जाहिरातीकडेच डोळे लावून बसतो.

या सर्वांना जागा देणारी, वर्तमानपत्रे लावून ठेवणारी, हवे ते पुस्तक कपाटातून काढून देणारी एक व्यक्ती टेबलापलीकडे बसलेली असते. नोकरीसाठी जिवाचे रान करणाऱ्या त्या चाळीस जणांपैकी एकाच्याही मनात असा विचार येत नाही की, या व्यक्तीच्या जागी आपण बसावे. ग्रंथालयात बसून नोकरी शोधायची, पण ग्रंथालयातील नोकरी मात्र शोधायची नाही, असा हा प्रकार आहे. यात त्या मुलांचे काही चुकते असेही म्हणता येणार नाही. त्या खुर्चीला काय मिळते हे ती रोज पाहत असतात.

काय मिळते, त्याचा हिशेब एकदा मांडावयास हवा. महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालये १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मान्यता घेतात आणि १९७० च्या नियमांनुसार त्यांना शासनाचे अनुदान मिळते. ग्रंथसंख्या, सभासद, कामाचे तास, जागा अशा निकषांवर त्यांचे अ, ब, क आणि ड असे वर्ग पाडलेले आहेत. खेड्यातील ग्रंथालय बहुधा ड किंवा क वर्गात मोडते. ड वर्गाच्या ग्रंथालयाला २०१२ च्या वाढीनंतर वर्षाला ३०,००० रुपये मिळत. पुढे दहा वर्षे त्या आकड्याला कोणी हात लावला नाही. २०२२-२३ पासून साठ टक्के वाढ झाली आणि ते ४८,००० झाले. अनुदानाची निम्मी रक्कम वेतनावर खर्च करावयाची असते. म्हणजे वर्षाला २४,००० आणि महिन्याला २,००० रुपये. वाढ होण्यापूर्वी हाच आकडा महिन्याला १,२५० रुपये होता. क वर्गाचे वार्षिक अनुदान साठ टक्के वाढीने १,५३,६०० रुपयांवर गेले; त्यातील निम्म्यात ग्रंथपाल आणि शिपाई अशी दोन माणसे बसवायची. दोघांत मिळून महिन्याला ६,४०० रुपये! त्यावर आणखी काही टक्के चढले, तरी त्याने एका कुटुंबाची चूल पेटणार नाही.

तुलनेसाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावरील मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. याचा अर्थ असा की, बांधबंदिस्तीवर सात दिवस राबणाऱ्या मजुराची कमाई ही ड वर्गाच्या ग्रंथपालाच्या महिन्याच्या कमाईपेक्षा थोडी अधिकच भरते. मजुराला अधिक मिळते ही तक्रार नव्हे. त्याला आणखी मिळावयास हवे. परंतु ज्या ग्रंथपालाकडून आपण ग्रंथांचे वर्गीकरण, दाखल नोंदवही, देवघेव, सभासदांची वर्गणी, वार्षिक अहवाल, लेखापरीक्षणाची कागदपत्रे आणि तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याची उत्तरे अशा सर्व गोष्टींची अपेक्षा करतो, त्याचे मोल आपण किती कमी ठरवले आहे, ते या तुलनेने लक्षात येते.

आता याच शिरूर तालुक्यातील दुसरे टोक पाहावे. शिक्रापूरजवळील पिंपळे जगताप येथे पुणे जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय आहे. नवोदय आणि केंद्रीय विद्यालयांमधील ग्रंथपाल सातव्या वेतन आयोगाच्या सातव्या स्तरावर नेमला जातो. त्याचे सुरुवातीचे मूळ वेतनच ४४,९०० रुपये आहे. महागाई भत्ता आणि बाकीचे वेगळेच. पात्रता काय? ग्रंथालयशास्त्रातील पदवी, किंवा कोणत्याही विषयातील पदवीनंतर एक वर्षाची ग्रंथालयशास्त्राची पदविका, आणि हिंदी-इंग्रजीसह भाषांचे कामचलाऊ नव्हे तर कामास येईल असे ज्ञान. वयाची मर्यादा पस्तीस. परीक्षा मात्र अखिल भारतीय. एकाच तालुक्यात, काही कोसांच्या अंतरावर, पुस्तकांच्या कपाटासमोरच बसणाऱ्या दोन माणसांच्या मिळकतीत बावीस पटींहून अधिक अंतर पडते. आणि दोघांमध्ये पात्रतेचे अंतर किती, तर पदवीनंतरच्या एका वर्षाचे!

या एका वर्षाविषयी आपल्या घरांत फारच थोडी माहिती असते. मुलगा किंवा मुलगी बी.ए. झाली की पुढे बी.एड., डी.एड. अथवा स्पर्धा परीक्षा, एवढीच नावे घरातील मोठ्यांना सुचतात. ग्रंथालयशास्त्राचे नाव निघालेच तर ‘पुस्तके द्यायला-घ्यायला कसले आले आहे शास्त्र?’ असा प्रश्न येतो. म्हणून शिडीच्या पायऱ्या येथे क्रमाने सांगणे इष्ट ठरेल.

पहिली पायरी प्रमाणपत्राची. ग्रंथालय संचालनालयाची मान्यता असलेला काही महिन्यांचा अभ्यासक्रम असून सार्वजनिक ग्रंथालयात काम करणाऱ्यांसाठी तो मुख्यतः आहे. खालच्या वर्गाच्या ग्रंथालयात तेवढ्यावर काम मिळते. पण हे प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे. प्रमाणपत्राच्या बळावर शाळा-महाविद्यालयात मोठे पद मिळेल अशी आशा कोणी दाखवीत असेल, तर त्याच्यापासून दूर राहिलेले बरे. दुसरी पायरी बी.लिब.आय.एस्सी. म्हणजे ग्रंथालय व माहितीशास्त्राची पदवी. ती कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर एका वर्षात होते. तिसरी पायरी एम.लिब., तीही एका वर्षाची. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात हे शिक्षण मिळते. ज्यांना गाव सोडता येत नाही त्यांच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि दिल्लीचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ हे मार्ग आहेत. दौंडचा विद्यार्थी पहाटेच्या गाडीने पुण्याला जाऊन संध्याकाळी परत येऊ शकतो. शिरूरला रेल्वे नाही. तेथील विद्यार्थ्याचा दिवस वाघोलीच्या वाहनकोंडीतच मावळतो. त्यामुळे शिरूर भागातील, विशेषतः लग्न झालेल्या मुलींना मुक्त विद्यापीठाचाच आधार आहे. प्रवेशापूर्वी त्या वर्षासाठी अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे की नाही, एवढे मात्र पाहून घ्यावे. परप्रांतातील नाव न ऐकलेल्या विद्यापीठाची पदवी घरपोच आणून देणारे दलाल याही क्षेत्रात आहेत. त्या कागदाची किंमत पहिल्या पडताळणीतच कळते.

चौथी पायरी कठीण आहे. अनुदानित महाविद्यालयातील ग्रंथपाल हा सहायक प्राध्यापकाच्या बरोबरीचा मानला जातो. वेतन दहाव्या स्तरावर, सुरुवात ५७,७०० रुपयांनी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार त्यासाठी एम.लिब.ला किमान ५५ टक्के गुण, ग्रंथालयाच्या संगणकीकरणाचे ज्ञान आणि नेट अथवा सेट उत्तीर्ण असणे किंवा नियमानुसार मिळवलेली पीएच.डी. आवश्यक आहे. मागास प्रवर्गांना आणि दिव्यांगांना गुणांत पाच टक्क्यांची सवलत आहे. यांतील ५५ हा आकडा प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या दिवशीच वहीवर लिहून ठेवावा. ५४ टक्के मिळवून उत्तीर्ण झालेल्या, पदवीचा आनंद साजरा केलेल्या आणि दोन वर्षांनी जाहिरात वाचताना डोक्याला हात लावून बसलेल्या उमेदवारांची संख्या या क्षेत्रात थोडी नाही. नेट ही परीक्षा देशपातळीवर होते. सेट ही महाराष्ट्र आणि गोव्यासाठी असून ती पुणे विद्यापीठच घेते आणि मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाला तिचे भय बाळगण्याचे कारण नाही.

एवढे सारे करून मग जागा किती? शिरूरला चांदमल ताराचंद बोरा महाविद्यालय आहे, दौंडला कटारिया महाविद्यालय आहे, तालुक्याच्या मोठ्या गावांतही महाविद्यालये निघाली आहेत. परंतु महाविद्यालयात प्राध्यापक पन्नास असले तरी ग्रंथपालाचे पद एकच. तिशीत नेमणूक झालेली व्यक्ती त्या खुर्चीवर तीस वर्षे असते. तोपर्यंत त्या गावातील एक संपूर्ण पिढी एम.लिब. होऊन दुसऱ्या उद्योगाला लागलेली असते. खुर्ची रिकामी झाली तरी ती भरली जाईलच असे नाही. प्राध्यापकभरती वर्षानुवर्षे गोठलेली असताना नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य शासनाने ४,७३८ पदे भरण्याची घोषणा केली. त्यांत सहायक प्राध्यापकांची ३,५८० पदे होती आणि ग्रंथपालांची १६३. संपूर्ण महाराष्ट्रासाठी १६३! पुढे २०२० मध्ये करोनाच्या संकटात भरतीवर पुन्हा निर्बंध आले. प्राध्यापकाला निदान तासिका तत्त्वाचा आधार तरी असतो. ग्रंथपालाचे काम तासिकांत मोजता येत नाही. त्यामुळे रिकाम्या खुर्चीवर संस्था आपल्या पातळीवर ठोक मानधनाचा कोणी तरी बसवते, अथवा एखाद्या प्राध्यापकाकडे किल्ल्या देऊन मोकळी होते. आणि ज्या थोड्या जागा निघतात, त्यांच्यासाठी एम.लिब., सेट यांच्या जोडीला आणखी एक पात्रता हलक्या आवाजात सांगितली जाते. ती लाखांत मोजायची असते. या गोष्टीची वाच्यता कोणी करीत नाही. परंतु ती ठाऊक नाही असे घर या दोन्ही तालुक्यांत सापडणे कठीण. शेतीचा तुकडा विकून ग्रंथपाल झालेला माणूस पुढे ग्रंथांकडे कोणत्या नजरेने पाहील, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

शाळांची अवस्था याहून वेगळी नाही. मोठ्या माध्यमिक शाळेला विद्यार्थीसंख्येनुसार पूर्णवेळ ग्रंथपाल मिळतो, मध्यमला अर्धवेळ, आणि खेड्यातील लहान शाळेला कोणीच नाही. तेथे कपाटाला कुलूप आणि कुलपाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात. पुणे-अहिल्यानगर आणि पुणे-सोलापूर या दोन्ही महामार्गांवर अलीकडच्या वीस वर्षांत इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळा, अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये उभी राहिली आहेत. त्यांना संलग्नतेसाठी ग्रंथालय दाखवावेच लागते. येथे बी.लिब. झालेल्याला काम मिळते, पगार बरा-वाईट असतो, आणि अनुभव मिळतो. ‘कोहा’सारखी मोफत संगणकप्रणाली शिकून घेतलेल्या उमेदवाराला अशा ठिकाणी पहिली पसंती मिळते. न्यूझीलंडमधील एका लहान ग्रंथालयासाठी तयार झालेली आणि २००० साली सर्वांसाठी खुली केलेली ही प्रणाली आज आपल्या देशात अनेक ग्रंथालये वापरतात. ती शिकण्यास एक संगणक आणि थोडी चिकाटी पुरते.

एकीकडे सेवेच्या नावाखाली दोन हजारांची खुर्ची, दुसरीकडे सत्तावन्न हजारांची. आणि या दोहोंच्या मधल्या पायऱ्या तुटलेल्या, असे हे चित्र आहे. गावातील ग्रंथालयात काम करता करता बी.लिब. व्हावे, मग वरच्या वर्गाच्या ग्रंथालयात जावे, तेथून शाळा किंवा महाविद्यालयात, असा चढता क्रम कागदावर दिसतो. प्रत्यक्षात पहिल्या पायरीवर पोट भरत नाही म्हणून माणूस तेथे टिकतच नाही. मग त्या जागी कोण बसते? सेवानिवृत्त गृहस्थ, घरी शेती असलेला भाऊबंद, किंवा ज्यांच्या मिळकतीवर घर अवलंबून नाही असे मानले जाते अशा गावातील सुना. या सुनांपैकी कित्येकींनी ग्रंथालय अक्षरशः जिवंत ठेवले आहे, हे मान्य केलेच पाहिजे. दुपारच्या वेळी स्त्रियांची पावले वाचनालयाकडे वळतात ती त्यांच्यामुळेच. पण त्यांच्या कामाला जे मोल दिले जाते ते त्यांच्या घरी आधीच पगार येतो या गृहीतावर. ज्या विधवेच्या घरी तो येत नाही, तिने काय करावे?

या दुरवस्थेचे मूळ शोधताना आपल्या कायद्याच्या रचनेकडे वळावे लागते. मद्रास प्रांताने १९४८ मध्ये ग्रंथालय कायदा केला तेव्हा मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला. कर्नाटकानेही १९६५ च्या कायद्यात तोच मार्ग धरला. तेथील सार्वजनिक ग्रंथालये शासकीय यंत्रणेचा भाग झाली. महाराष्ट्राने तसे केले नाही. आपल्या कायद्यात उपकर नाही आणि ग्रंथालये शासनाची नाहीत. ती लोकांनी स्थापन केलेल्या संस्थांची आहेत आणि शासन त्यांना साहाय्य करते. या निर्णयामागे मोठी परंपरा होती. नगरचे वाचनालय १८३८ चे, नाशिकचे १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे. लोकांनी वर्गण्या काढून, दाराशी हिंडून, देणग्या मिळवून ही ग्रंथालये उभारली. सरकारच्या हुकमाने निघालेल्या ग्रंथालयापेक्षा समाजाने उभारलेले ग्रंथालय केव्हाही श्रेष्ठ, ही भूमिका आपल्यापैकी बहुतेकांना पटेल आणि ती योग्यच आहे. परंतु त्यातून एक कर्तव्यही येते, आणि ते मात्र आपण सोयीस्करपणे विसरलो. ग्रंथालय समाजाचे असेल तर ग्रंथपालाला जगवण्याची जबाबदारी आधी समाजाची असते. आपण मालकी समाजाकडे ठेवली आणि पगाराचा प्रश्न आला की शासनाकडे बोट दाखवले. शासन म्हणते, हे आमचे नोकर नव्हेत. संस्था म्हणते, अनुदान येईल तेवढेच देऊ. आणि ग्रंथपाल दोघांच्या मध्ये उभा!

शासनाला यातून मोकळे सोडता येणार नाही. सत्तरच्या दशकात प्रभा राव समितीने आणि २००१ मध्ये व्यंकप्पा पत्की समितीने या कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणी आणि सेवाशर्ती द्याव्यात असे सुचवले. राज्यात नंतर सर्व रंगांची सरकारे येऊन गेली. शिफारशी जेथल्या तेथे आहेत. २०१२ मध्ये महसूल यंत्रणेकडून सर्व ग्रंथालयांची पडताळणी झाली, नव्या मान्यता आणि वर्गवाढ कित्येक वर्षे थांबली. केवळ अनुदानासाठी कागदावर चालणारी ग्रंथालये उघडकीस आली, हे चांगलेच झाले. पण खोट्यांबरोबर खऱ्यांचीही दारे बंद झाली. दरम्यान २०१७ मध्ये साताऱ्याच्या भिलारला पुस्तकांचे गाव झाले. उपक्रम सुंदर आहे, त्याचे कौतुकही झाले. ज्या गावांत पुस्तके पूर्वीपासूनच होती, तेथील पुस्तके सांभाळणाऱ्याकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नाही.

शंभर वर्षांपूर्वी एका मराठी राजाने हा प्रश्न उलट्या बाजूने हाताळला होता. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या गावी जन्मलेले महाराज सयाजीराव गायकवाड यांनी बडोद्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. मग, शाळेत शिकलेला मनुष्य वाचील काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे आला. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला पाचारण केले आणि १९११ मध्ये बडोद्यात ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्ग सुरू झाला. आपल्या देशातील तो पहिला. माणूस तयार करण्याचा विचार कपाटांच्या बरोबरीने झाला, हे येथे लक्षात घ्यावे. खर्चाची व्यवस्थाही पाहण्यासारखी होती. गावाने एक वाटा उचलला की तेवढाच प्रांत पंचायत देई आणि तेवढाच राज्य देई. गावाचा हात आधी खिशात जावा, ही त्यामागील दृष्टी होती. कोल्हापूर संस्थानाने तर १९४५ मध्ये, स्वातंत्र्यापूर्वीच, ग्रंथालयाचा कायदा केला. संस्थानिकांच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांनी या दोन गोष्टी नोंदवून ठेवाव्यात.

पात्रतेचा आग्रह धरणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे डॉ. शि. रा. रंगनाथन हे गणिताचे अध्यापक होते. मद्रास विद्यापीठाने ग्रंथपाल नेमावयाचे ठरवले तेव्हा नऊशेच्या आसपास अर्ज आले. ग्रंथालयाचे शिक्षण घेतलेला त्यांत कोणीही नव्हता, रंगनाथनही नव्हते. जानेवारी १९२४ मध्ये ते रुजू झाले आणि काही दिवसांतच कंटाळून ‘मला पुन्हा शिकवायला पाठवा’ म्हणू लागले. आधी लंडनला जाऊन शिकून या, मग नको वाटले तर परत जा, असे त्यांना सांगण्यात आले. ते गेले, तेथील ग्रंथालये पाहिली, आणि परत आले ते जन्मभरासाठी ग्रंथपाल होऊन. १९३१ मध्ये त्यांची ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री आली, १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण. पात्रता नसलेला माणूस नेमून त्याला पात्र करण्याचा खर्च एका विद्यापीठाने उचलला, आणि देशाला एक शास्त्र मिळाले. आपली संस्था आपल्या ग्रंथपालाच्या बी.लिब.चे शुल्क भरते काय? दोन्ही तालुक्यांतील ग्रंथालयांच्या अध्यक्षांनी आणि चिटणीसांनी याचे उत्तर स्वतःलाच द्यावे.

हा लेख वाचणाऱ्यांमध्ये असे अध्यक्ष-चिटणीस अनेक असतील. गावोगावच्या वाचनालयांच्या कार्यकारिणीत आपले कार्यकर्ते वर्षानुवर्षे आहेत. त्यांनी पदरमोड केली आहे, पावसात गळणाऱ्या छपराखालची पुस्तके स्वतःच्या घरी नेऊन वाळवली आहेत. त्यांच्या निष्ठेविषयी शंका नाही. अडचण निराळीच आहे. ज्याने स्वतः आयुष्यभर विनामोबदला काम केले, त्याला दुसऱ्याने मोबदला मागणे थोडे खटकते. ‘आम्ही काय घेत होतो?’ हे वाक्य अशा सभांत हमखास ऐकू येते. परंतु कार्यकर्त्याची सेवा त्याने स्वतः पत्करलेली असते आणि त्याच्या घरी दुसरी मिळकत असते. चोवीस वर्षांच्या, बी.लिब. झालेल्या, लग्नाचे आणि घरभाड्याचे पाहावयाचे असलेल्या मुलाकडून तीच सेवा पगाराच्या जागी मागणे, ही त्याची फसवणूक आहे. सेवाभाव हा शब्द आपल्याकडे पवित्र आहे. त्याचा उपयोग वेतन टाळण्यासाठी होऊ नये.

खर्च अशक्य आहे काय? पाचशे उंबऱ्यांच्या गावात प्रत्येक घराने महिन्याला वीस रुपये दिले तर दहा हजार रुपये होतात. शासनाचे दोन हजार त्यात मिळवले की बारा हजार. श्रीमंती नव्हे, परंतु शिकता शिकता दोन-तीन वर्षे टिकून राहण्यास ते पुरेसे आहेत. ऊस, दूध आणि भाजीपाल्यावर उभी असलेली भीमा आणि घोड नदीकाठची गावे यात्रेच्या वर्गणीत याच्या कितीतरी पट रक्कम एका संध्याकाळी गोळा करतात. यात्रा व्हावीच. तिच्या पावतीपुस्तकामागे वाचनालयाचे एक पावतीपुस्तक चिकटवले, तर ग्रामदैवत रागावणार नाही. रांजणगाव आणि कुरकुंभच्या कारखान्यांकडे सामाजिक दायित्वाचा निधी असतो. कपाटे आणि संगणक मागण्यासाठी आपण त्यांच्याकडे जातो. ग्रंथपालाचे तीन वर्षांचे मानधन मागण्यास मात्र कोणी जात नाही, कारण मानधनावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येत नाही.

आणि अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलांनीही टेबलापलीकडे एकदा नीट पाहावे. पोलीस भरतीची तयारी सोडावी असे कोणी म्हणत नाही. परंतु ज्याला वाचनाची ओढ आहे, नोंदी नीटनेटक्या ठेवण्याची सवय आहे आणि माणसांशी बोलण्याचा कंटाळा नाही, त्याने तीन वर्षे त्याच त्या परीक्षा देत असतानाच मुक्त विद्यापीठातून बी.लिब. करून ठेवावे. वर्ष वाया जात नाही, खर्च बेताचा असतो, आणि पस्तिशीपूर्वी केंद्रीय आणि नवोदय विद्यालयांच्या परीक्षेचे एक नवे दार उघडते. ते दार अरुंद आहे. पण आज अभ्यासिकेत पोलीस शिपायाच्या एकेका जागेसाठी जेवढी मुले झगडत आहेत, त्यांच्या तुलनेत या दाराशी रांग लहान आहे.

रंगनाथन यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, आपल्याकडे ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी वाचनालयात प्रतिमापूजन होते, दोन भाषणे होतात आणि ग्रंथपालाच्या हाती शाल, श्रीफळ आणि गुलाबाचे फूल देण्यात येते. यंदा प्रतिमापूजनानंतर कार्यकारिणीने तेथेच सतरंजीवर सभा भरवावी. विषय एकच ठेवावा : ग्रंथपालाचे मासिक मानधन आणि ते कोठून उभे करावयाचे. सभेचे इतिवृत्त, नेहमीप्रमाणे, ग्रंथपालच लिहील.